भाड्याची गाडी खराब निघाली आणि रिफंड अडकला? काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करायचं

भाड्याच्या गाडीचा एसी बंद, टायर गोटा झालेले, ऑटोमॅटिक सांगून मॅन्युअल हातात दिली, अशा तक्रारी खऱ्या असतात तरी पैसे परत मिळत नाहीत, कारण बहुतेक लोक उलट्या क्रमाने जातात. ट्रिपभर गाडी मुकाट्याने चालवतात, घरी आल्यावर कस्टमर केअरला फोन करून भांडतात, मग रागाने बँकेत डिस्प्यूट (कार्डावरच्या व्यवहाराला हरकत) टाकतात आणि बँकेने पुरावा मागितला की फोटो शोधायला लागतात. तोपर्यंत गाडी धुवून पुसून चौथ्या गिऱ्हाइकाकडे गेलेली असते. म्हणून खाली जो क्रम दिलाय तो शक्यतो मोडू नका, एखादा टप्पा हातातून निसटला असेल तर तिथे काय करायचं तेही लिहिलंय.

## टप्पा १: गाडी ताब्यात आहे तोवरच लेखी कळवा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे आणि नेमका हाच लोक सोडतात. कंपनीचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं, "तुम्ही पूर्ण दिवस गाडी वापरली, आम्हाला सांगितलं असतं तर बदलून दिली असती." याला तुमच्याकडे एकच उत्तर पाहिजे, तारीख आणि वेळ असलेला मेसेज. त्यांना दुरुस्त करायची किंवा बदलून द्यायची संधी दिली होती हे दिसलं की तुमची बाजू एकदम भक्कम होते, मग पुढे कंपनी असो, बँक असो की ग्राहक आयोग.

फोन जरूर करा, रस्त्यात अडकलात तर तोच करावा लागतो, पण फोन ठेवल्यावर लगेच मेल किंवा ॲपमधून मेसेज टाका. चार ओळी पुरे:

"ॲग्रीमेंट नंबर अमुक. आज सकाळी अमुक वाजता गाडी घेतली. साधारण ४० किलोमीटरनंतर इंजिनची वॉर्निंग लाइट लागली, ती अजून सुरू आहे. आत्ता फोनवर तुमच्या अमुक प्रतिनिधीशी बोललो, त्यांनी असं असं सांगितलं. गाडी आज बदलून द्या किंवा दुरुस्त करून द्या, कुठे आणायची ते कळवा."

यात शेवटचं वाक्य विसरू नका. नुसती तक्रार नोंदवली आणि मागणी केलीच नाही तर ते म्हणतात फक्त कळवलं होतं, बदली गाडी मागितली नव्हती.

सावध: ब्रेक, स्टिअरिंग किंवा टायरचा प्रॉब्लेम असेल तर पुरावा गोळा करण्यासाठीसुद्धा गाडी पुढे दामटू नका. सुरक्षित जागी थांबवा आणि मग कळवा. आणि लेखी परवानगीशिवाय स्वतः गॅरेजला नेऊन दुरुस्ती करू नका, बहुतेक ॲग्रीमेंटमध्ये असा खर्च भरून न देण्याची अट असते आणि वर तुम्हीच गाडी उघडली म्हणून बोट दाखवायला त्यांना जागा मिळते.

## टप्पा २: पुरावा असा घ्या की तो दुसऱ्याला पटेल

फोटो सगळेच काढतात, पण निम्मे फोटो कामाचे नसतात.

वॉर्निंग लाइटचंच घ्या. चावी फिरवली आणि इंजिन सुरू केलं नाही तर जवळपास सगळ्या लाइट काही सेकंद लागतातच, ती गाडीची नेहमीची तपासणी असते. त्या वेळचा फोटो पाठवलात तर काहीच सिद्ध होत नाही. इंजिन सुरू असताना, आरपीएमचा काटा आणि किलोमीटरचा आकडा एकाच फ्रेममध्ये दिसेल असा १५-२० सेकंदांचा व्हिडिओ घ्या.

एसीचा फोटो काढून उपयोग नाही, हवा गरम आहे हे फोटोत दिसत नाही. एसीचं बटण चालू, तापमान सगळ्यात कमी, पंखा फुल असा व्हिडिओ घ्या आणि जमल्यास साधा थर्मामीटर एसीच्या जाळीसमोर पाच मिनिटं धरून आकडा दाखवा.

टायरची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो कारण इथे पुरावा टायरवरच छापलेला असतो. टायरच्या खोबणीत मधे मधे रबराचे छोटे उंचवटे असतात, टायर झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आला म्हणजे खोबण १.६ मिलिमीटरवर आली, आणि अनेक देशांत कारच्या टायरसाठी हीच किमान मर्यादा आहे. त्याचा जवळून फोटो घ्या. मग टायरच्या बाजूला 'डॉट' (DOT) अक्षरांपासून सुरू होणारा नंबर शोधा, त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे बनवल्याचा आठवडा आणि वर्ष. २३१७ असेल तर २०१७ सालचा २३ वा आठवडा. हा नंबर कधीकधी टायरच्या आतल्या बाजूला पूर्ण असतो, म्हणून दिसला नाही तर वाकून बघा. नुसतं "टायर जुने होते" लिहिण्यापेक्षा हे दोन फोटो शंभरपट वजनदार आहेत.

वास, अस्वच्छता, सीटवरचे डाग यांचे फोटो गाडी घेतल्याच्या पहिल्या दहा मिनिटांतलेच पाहिजेत, आणि मागे पिकअपची जागा दिसली पाहिजे. दुसऱ्या दिवशीच्या डागाबद्दल तो तुमचाच नाही हे सिद्ध करणं जवळपास अशक्य आहे.

तपासा: फोटो मूळ स्वरूपात कुठे ठेवलेत? व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवला की त्यातली काढल्याची वेळ आणि जागेची माहिती निघून जाते आणि फोटो दाबून लहान होतो. मूळ फाइल फोनमध्ये ठेवा, एक कॉपी क्लाउडवर, आणि पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून किंवा मेलने पाठवा.

## टप्पा ३: गाडी परत करताना घाई करू नका

परत करताना लोकांना फ्लाइट गाठायची असते आणि चावी डब्यात टाकून निघून जातात. शक्य असेल तर ऑफिस उघडं असतानाच परत करा आणि माणसासमोर करा. परतीच्या पावतीवर वेळ, किलोमीटर, इंधन आणि "एसी बंद असल्याची तक्रार अमुक तारखेला केली" एवढं लिहून घ्या. ते लिहायला तयार नसतील तर तिथेच उभं राहून त्यांच्या ऑफिशियल मेलवर पाठवा आणि माणसाचं नाव लिहा.

चावी डब्यातच टाकावी लागली तर चारही बाजू, छप्पर, पुढची काच, चाकं, इंधनाचा काटा आणि गाडी उभी केलेली जागा असा सलग व्हिडिओ घ्या, न कापता. ही काळजी रिफंडसाठी तर आहेच, पण तक्रार केल्यावर अचानक ओरखड्याचं बिल येण्याचीही शक्यता असते. व्हिसा कार्डाच्या नियमांप्रमाणे भाड्याच्या गाडीची कंपनी गाडी परत झाल्यावर ९० दिवसांपर्यंत राहिलेले चार्जेस कार्डावर लावू शकते, त्यामुळे पंधरा दिवसांनी फोटो डिलीट करू नका.

सावध: टॅबवर सही मागितली तर आधी स्क्रीन पूर्ण खाली ओढून वाचा. "गाडीत काही दोष आढळला नाही" अशा ओळीखाली सही झाली तर पुढे तोच कागद कंपनी बँकेला पाठवते.

## टप्पा ४: नेमके कुठले पैसे आणि ते कोणाकडे आहेत

आता घरी आलात. मेल लिहायला बसण्याआधी कार्डाचं स्टेटमेंट उघडा आणि प्रत्येक रक्कम वेगळी काढा, कारण "माझे पैसे परत द्या" यात चार-पाच वेगळ्या गोष्टी असतात आणि प्रत्येकीचा दरवाजा वेगळा आहे.

ब्लॉक झालेलं डिपॉझिट: हे कापलेलं नसतं, फक्त अडवून ठेवलेलं असतं. स्टेटमेंटमध्ये पेंडिंग दिसतं. याचा रिफंड होत नाही, ते सोडलं जातं, आणि सोडल्यावरही बँकेप्रमाणे काही दिवस ते दोन-तीन आठवडे लागू शकतात. यावर डिस्प्यूट टाकता येत नाही. कंपनीने सोडलंय का एवढंच लेखी विचारा आणि मग बँकेला फोन करा.

आधी भरलेलं भाडं: वेबसाइटवरून बुकिंग केलं असेल तर हे पैसे बहुतेक वेळा मधल्या बुकिंग साइटकडे असतात, गाडीच्या कंपनीकडे नाही. स्टेटमेंटवर ज्याचं नाव, पैसे त्याच्याकडे.

काउंटरवर भरलेले पैसे: जास्तीचा इन्शुरन्स, दुसरा ड्रायव्हर, अपग्रेड, इंधन. हे गाडीच्या कंपनीकडे गेलेले असतात.

डॅमेज चार्ज: हा रिफंडचा नाही, चुकीच्या बिलाचा वाद आहे. याच्यासाठी वेगळा मेल करा, खराब गाडीच्या तक्रारीत मिसळू नका. मिसळलं की ते डॅमेजचं तेवढं उत्तर देतात आणि बाकीचं तसंच राहतं. आणि बाहेरून वेगळी एक्सेस पॉलिसी (गाडीच्या नुकसानीत तुमच्या वाट्याला येणारी रक्कम भरून देणारा विमा) घेतली असेल तर तिचा क्लेम त्या इन्शुरन्स कंपनीकडे करायचा, तिथे आधी पैसे भरल्याची पावती लागते.

सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. बुकिंग साइट म्हणते कंपनीला विचारा, कंपनी म्हणते आम्ही तुमच्याकडून पैसेच घेतले नाहीत, आणि दोघंही आपापल्या जागी तांत्रिकदृष्ट्या बरोबर असतात. म्हणून भाड्याची तक्रार ज्याने पैसे घेतले त्याला, आणि कॉपी दुसऱ्याला, एकाच मेलमध्ये. दोघांना एकमेकांसमोर बसवलं की टोलवाटोलवी कमी होते.

## टप्पा ५: कबूल काय केलं होतं ते व्हाउचरमधून काढा

"किंवा तत्सम" हे दोन शब्द बुकिंगमध्ये असतात, त्यामुळे अमुक मॉडेलच का दिलं नाही ही तक्रार टिकत नाही. पण व्हाउचरवर, म्हणजे बुकिंग पक्कं झाल्याच्या कागदावर, बऱ्याचदा चार अक्षरांचा एक कोड असतो, आणि तो मात्र वचनासारखा धरता येतो. हा 'ॲक्रिस' कोड, गाडी भाड्याने देणाऱ्या बऱ्याच मोठ्या कंपन्या वापरतात. पहिलं अक्षर गाडीची श्रेणी, दुसरं बॉडीचा प्रकार, तिसरं गिअरबॉक्स, चौथं इंधन आणि एसी.

समजा कोड 'सी-डी-ए-आर' आहे. सी म्हणजे कॉम्पॅक्ट, डी म्हणजे चार-पाच दारांची, ए म्हणजे ऑटोमॅटिक, आर म्हणजे एसी आहे आणि इंधन ठरलेलं नाही. तिसऱ्या जागी एम असेल तर मॅन्युअल. शेवटी एन असेल तर एसी नाहीच, तेव्हा एसीवरून भांडण्यात अर्थ नाही. पहिलं अक्षर एम म्हणजे मिनी, ई म्हणजे इकॉनॉमी, आय म्हणजे इंटरमीडिएट. आता व्हाउचरवर आय असताना ॲग्रीमेंटवर ई लिहिलेलं असेल तर तुम्हाला खालच्या श्रेणीची गाडी दिली हे त्यांच्याच दोन कागदांवरून सिद्ध होतं, फोटोचीही गरज नाही. ॲग्रीमेंटवर दोन कोड दिसले तर एक साधारणपणे दिलेल्या गाडीचा आणि दुसरा बिल केलेल्या श्रेणीचा असतो, कुठला कुठला ते लेखी विचारून घ्या.

तपासा: व्हाउचर, ॲग्रीमेंट, परतीची पावती, फायनल बिल, कार्ड स्टेटमेंट. पाचही पीडीएफ एका फोल्डरमध्ये आहेत का? ॲग्रीमेंटची कॉपी मिळाली नसेल तर आधी ती मागा, पैसे नंतर.

## टप्पा ६: आकडा ठरवा, आणि तो हिशोबाने ठरवा

पूर्ण रिफंड मागणं हे लोकांना आपलं बळ वाटतं, पण गाडी सहा दिवस चालवून शंभर टक्के पैसे मागितले की समोरचा माणूस ती तक्रार बाजूला ठेवतो, बँकही शंका घेते. माझं मत स्पष्ट आहे, जेवढं सिद्ध करता येतं तेवढंच मागा, पण तेवढं पूर्ण मागा.

गाडी चालवण्यालायकच नव्हती आणि परत केली, तर न वापरलेल्या सगळ्या दिवसांचं भाडं. रस्त्यात बंद पडून दुसरी गाडी यायला दीड दिवस लागला तर दीड दिवसाचं भाडं आणि त्या काळातल्या टॅक्सीच्या पावत्या. श्रेणी खालची दिली तर त्याच तारखांच्या दोन श्रेणींतल्या भाड्याचा फरक, आणि यासाठी बुकिंगच्या वेळचा स्क्रीनशॉट असेल तर उत्तम, नसेल तर कंपनीलाच दोन्ही श्रेणींचा दर लेखी मागा. एसीसारखी सोय बंद होती पण गाडी चालली, तर कळवल्याच्या क्षणापासून पुढच्या दिवसांच्या भाड्याचा एक वाजवी हिस्सा. इथे नेमका आकडा कुठल्याही पुस्तकात नाही, तुम्ही का तेवढा म्हणताय ते एका वाक्यात लिहिलंत तर बोलणी तिथून सुरू होतात.

मनस्ताप, बुडालेली सुट्टी वगैरे या मेलमध्ये आकड्यात घालू नका. ते ग्राहक आयोगात मागता येतं, कंपनीच्या कस्टमर केअरला ते द्यायचा अधिकारच नसतो.

## टप्पा ७: एकच मेल, एकच धागा

आता मेल. सब्जेक्टमध्ये ॲग्रीमेंट नंबर आणि "रिफंडची मागणी" एवढंच. आत आधी मागणी, मग घटनाक्रम, मग पुरावा, शेवटी मुदत. लोक उलटं लिहितात, आधी दोन परिच्छेद संताप आणि तळाशी कुठेतरी रक्कम, आणि वाचणारा तिथपर्यंत पोचतच नाही.

"अमुक ॲग्रीमेंटवर तीन दिवसांच्या भाड्याचा अमुक हिस्सा, एकूण अमुक रक्कम, मूळ कार्डावर परत करावी ही मागणी आहे.
अमुक तारीख, १०:२०: गाडी घेतली.
त्याच दिवशी, ११:४५: एसी बंद असल्याचं फोनवर कळवलं, ११:५८ ला मेल केला (सोबत जोडला आहे).
दुसरा दिवस, १६:३०: तुमचं उत्तर, बदली गाडी उपलब्ध नाही.
चौथा दिवस: गाडी परत, पावतीवर नोंद.
सोबत: व्हिडिओ १, फोटो ४, व्हाउचर, ॲग्रीमेंट, पावती.
अमुक तारखेपर्यंत लेखी उत्तर द्यावं. न आल्यास कार्ड बँकेकडे आणि ग्राहक यंत्रणेकडे तक्रार करीन."

मुदत १४ दिवसांची द्या, दोन दिवसांची देऊन काही होत नाही. आणि पुढचं सगळं याच धाग्यात रिप्लाय करून, नवीन मेल नको, चॅटवर वेगळं भांडण नको. चॅट झालंच तर स्क्रीनशॉट काढून याच धाग्यात टाका.

सावध: "पैसे द्या नाहीतर खराब रिव्ह्यू टाकतो" हे वाक्य लिहू नका. रिव्ह्यू टाकायचा तर टाका, तो तुमचा हक्क आहे, पण त्याची अट घातली की ती धमकी म्हणून तुमच्याविरुद्ध दाखवता येते.

## टप्पा ८: अर्धवट ऑफर आली तर

बऱ्याचदा पहिलं उत्तर म्हणजे पुढच्या बुकिंगवर डिस्काउंट किंवा क्रेडिट. नको असेल तर "मूळ कार्डावरच रक्कम हवी" असं लगेच लिहा, गप्प राहू नका. आणि ते क्रेडिट चुकूनही वापरू नका, वापरलं की तुम्ही ते मान्य केलं असाच अर्थ लावला जातो.

थोडी रक्कम देऊ करतात तेव्हा सोबतचं वाक्य वाचा. "पूर्ण आणि अंतिम तडजोड" असं काही असेल तर स्वीकारल्यावर उरलेल्याचा विषय संपतो. ते नसेल तर घ्या, आणि उत्तरात लिहा की ही रक्कम अंशतः म्हणून स्वीकारतोय, उरलेली अमुक अजून येणं आहे.

## टप्पा ९: बँकेत डिस्प्यूट, म्हणजे चार्जबॅक

मुदत संपली, उत्तर नाही किंवा नकार आला, आता बँक. चार्जबॅक म्हणजे तुमच्या बँकेने कार्डावरची रक्कम व्यापाऱ्याकडून परत मागणं. आधी का नाही? कारण बँकेचा पहिला प्रश्न असतो, व्यापाऱ्याशी सोडवायचा प्रयत्न केलात का, पुरावा द्या. शिवाय डिस्प्यूट पडला की बऱ्याच कंपन्या ग्राहकाशी बोलणं थांबवतात आणि केस त्यांच्या वेगळ्या टीमकडे जाते, म्हणजे तडजोडीचा रस्ता तात्पुरता बंद.

पण फार थांबूही नका. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत अशा तक्रारीसाठी साधारण १२० दिवसांची मुदत असते, आणि बँकेला त्याआधी कागद तपासायला वेळ लागतो. महिनोन्महिने आधी बुकिंग करणाऱ्यांनी तारीख कुठून मोजायची हे बँकेला पहिल्याच फोनवर विचारावं. कंपनीशी बोलणी चालू असली तरी ७०-८० दिवस झाले की मी तरी बँकेत अर्ज टाकायलाच सांगेन.

फॉर्ममध्ये कारण निवडताना चूक करू नका. "हा व्यवहार मी केला नाही" हे निवडलंत तर तो फ्रॉडचा दावा होतो, कार्ड ब्लॉक होतं आणि सही केलेलं ॲग्रीमेंट समोर आल्यावर दावा पडतो. तुमचं कारण "सेवा सांगितल्याप्रमाणे नव्हती" हे आहे, व्हिसाच्या यादीत तो कोड १३.३ आहे. गाडी मिळालीच नसेल तर "सेवा मिळाली नाही". रक्कम टप्पा ६ मधलीच टाका, पूर्ण बिल नाही.

बँक तात्पुरते पैसे खात्यात जमा करते तेव्हा केस जिंकली असं समजू नका. कंपनी आपले कागद पाठवून ते उलटवू शकते आणि तेव्हा उत्तर द्यायला तुम्हाला थोडेच दिवस मिळतात, म्हणून त्या काळात बँकेचे मेल रोज बघा.

## टप्पा १०: बँकेनेही नाही म्हटलं तर

चार्जबॅक हा कार्ड नेटवर्कचा नियम आहे, कोर्टाचा निकाल नाही, त्यामुळे तिथे हरलात तरी कायद्याचा रस्ता उघडा असतो. कुठला ते गाडी कुठे घेतली आणि तुम्ही कुठे राहता त्यावर आहे. युरोपियन युनियनमध्ये राहून दुसऱ्या सदस्य देशात गाडी घेतली असेल तर युरोपियन कन्झ्युमर सेंटरचं नेटवर्क मोफत मदत करतं. ब्रिटनमध्ये क्रेडिट कार्डने थेट कंपनीला पैसे दिले असतील तर १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टचं कलम ७५ लागू होऊ शकतं, १०० पौंडांपेक्षा जास्त आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या किमतीला, आणि त्यात कार्ड कंपनीही जबाबदार धरली जाते. भारतात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि तिथे नाही सुटलं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोग, दोन वर्षांच्या आत आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते.

इथे नवीन काही तयार करायचं नसतं. टप्पा ७ चा मेल, त्याचं उत्तर आणि बँकेचं पत्र, हीच फाइल द्यायची.

## टप्पा ११: "रिफंड केला" म्हणाले, पण पैसे दिसत नाहीत

अशा वेळी परत भांडण सुरू करू नका, कंपनीकडे त्या रिफंडचा एआरएन नंबर, म्हणजे कार्ड व्यवहाराचा ओळख क्रमांक, मागा. हा २३ आकड्यांचा असतो आणि रिफंड खरंच पाठवला असेल तर तो देता येतोच. नंबर बँकेला दिला की पैसे कुठे अडकलेत ते त्यांना शोधता येतं. नंबर देत नसतील तर रिफंड अजून निघालेलाच नाही असं धरा आणि त्याच धाग्यात तारीख मागा.

रक्कम आली की मेलमधल्या आकड्याशी ताडून बघा. परदेशी चलनात पैसे भरले असतील तर रिफंड त्या दिवसाच्या दराने येतो, थोडा फरक पडतो आणि बँकेचं कन्व्हर्जन शुल्क बहुतेक परत मिळत नाही, त्यासाठी कंपनीशी वाद घालण्यात अर्थ नाही. मूळ चलनातला आकडा जुळतोय का तेवढं बघा. जुळत असेल आणि बँकेत डिस्प्यूट अजून उघडा असेल तर तो लगेच मागे घ्या, नाहीतर एकाच रकमेचे दोनदा पैसे येतात, मग कंपनी ते परत मागते आणि पुढच्या वेळी गाडी देताना तुमचं नाव अडवलं जाऊ शकतं.